चालत्या स्क्रिप्टला हात लावलाच पाहिजे

भिवंडीतल्या गोडाऊनच्या, ट्रान्सपोर्टच्या आणि यंत्रमागाच्या ऑफिसांतून एक वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे: ‘चालतंय ना? मग हात लावू नका.’ हे वाक्य बहुतेक वेळा डेस्कटॉपवरच्या एखाद्या छोट्या स्क्रिप्टबद्दल असतं. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की माउसचा बाण आपोआप हलू लागतो. मेनू उघडतो, रिपोर्ट निवडला जातो, तारखा भरल्या जातात, फाइल एक्स्पोर्ट होते, तिला नाव मिळतं आणि पुढच्या कंपनीचे हिशेब उघडतात. ऑपरेटर तेवढ्यात चहा पिऊन येतो. ही स्क्रिप्ट काही वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेली असते, शेकडो ओळींची असते, आणि तिच्या आत काय आहे ते ऑफिसातल्या एकालाही सांगता येत नाही. ती आखूड आणि वाचण्याजोगी करून घ्या असं सुचवलं की शेठ, अकाउंटंट आणि खुद्द कॉम्प्युटरवाला, तिघंही हेच उत्तर देतात.

हे उत्तर चुकीचं आहे. त्याने नुकसान होतं, आणि ते नुकसान शेवटी ज्याच्या माथी मारलं जातं तो बहुधा त्या ऑफिसातला सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. म्हणून त्या उत्तराचा एकेक मुद्दा घेऊन तो खोडायला हवा.

आधी समोरच्यांची बाजू सांगतो, कारण ती पोकळ नाही. गोडाऊनचं ऑफिस ही सॉफ्टवेअर कंपनी नव्हे. दर महिन्याला विवरण भरणाऱ्याला 11 तारखेपर्यंत जीएसटीआर-1 भरायचं असतं, 20 तारखेपर्यंत 3बी. दारात गाड्या उभ्या असतात, बिल्टी निघाल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. अशा जागी चालू असलेली गोष्ट उघडून बसायचं आणि ती बंद पडली तर? शिवाय आखूड झालेली स्क्रिप्ट जुन्या स्क्रिप्टपेक्षा जास्त काम करत नाही. तेच रिपोर्ट, त्याच फाइली. मग पैसे आणि वेळ कशासाठी घालवायचा? शेठचा हा प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच की त्या प्रश्नात ‘चालतंय’ हा शब्द कुणी तपासून पाहिलेला नसतो.

तो तपासू. अशा बहुतेक स्क्रिप्ट दोन प्रकारच्या आज्ञांनी भरलेल्या असतात. एक: स्क्रीनवर डावीकडून इतक्या आणि वरून इतक्या बिंदूंवर क्लिक कर. दुसरी: पाच सेकंद थांब. पुन्हा क्लिक, पुन्हा थांब. स्क्रिप्टला मेनू दिसत नाही, खिडकी कोणती उघडली हे कळत नाही, समोर प्रश्न आला तर तो वाचता येत नाही. जिथे बोट ठेवायला सांगितलं तिथे ती ठेवते. नवा मॉनिटर आला, विंडोजमध्ये अक्षरांचा आकार शंभर टक्क्यांवरून सव्वाशेवर गेला, प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने कोपऱ्यात एक सूचना टाकली, सर्व्हर मंद होता म्हणून खिडकी पाचऐवजी आठ सेकंदांनी उघडली, की बोट भलत्या जागी पडतं.

भलत्या जागी पडून ती स्क्रिप्ट बंद पडली असती तर मी हा लेख लिहिला नसता. ती बंद पडत नाही. ती पुढचे सगळे क्लिक इमानाने करते आणि शेवटी फाइल तयार करून देते. फाइलचं नाव या महिन्याचं असतं आणि आतले आकडे मागच्या महिन्याचे, कारण तारखेची खिडकी उशिरा उघडली आणि जुना कालावधी तसाच राहिला. चूक कळते ती खरेदीदाराला त्याच्या जीएसटीआर-2बीमध्ये आपलं बिल दिसलं नाही म्हणून त्याचा फोन येतो तेव्हा. तोपर्यंत ऑफिसच्या भाषेत स्क्रिप्ट ‘चालत’ होती.

भिवंडीत हे समजावून सांगायला मागापेक्षा चांगला दाखला नाही. इथले बहुसंख्य माग साधे, धोट्याचे. एक कारागीर एकाच वेळी अनेक माग सांभाळतो. ताण्याचा एक धागा तुटला आणि त्याचं लक्ष दुसऱ्या मागावर असलं तर माग थांबत नाही. कापड निघत राहतं आणि त्या कापडात चीर उतरत जाते. तागा तपासायला घेतला की ती दिसते आणि पैसे कापले जातात. जपानमध्ये साकिची तोयोदा यांनी याच दोषावर आयुष्य घालवलं. 1924 मध्ये त्यांचा जी प्रकारचा स्वयंचलित माग आला; त्यात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित माग बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या पेटंटचे हक्क विकत घेतले. त्या मागाची किंमत केवळ वेगात नव्हती. बिघडलेलं काम पुढे रेटायचं नाही, हे त्याला कळत होतं. मेनूवर क्लिक करणाऱ्या स्क्रिप्टकडून मी एवढंच मागतो, आणि दोन-चारशे ओळींच्या आंधळ्या स्क्रिप्टमध्ये ते घालणं जवळपास अशक्य असतं. दर क्लिकनंतर तपासणी घालायची तर त्या स्क्रिप्टच्या तिप्पट ओळी होतील. आधी तिला आखूड करावं लागतं.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जाणकारांकडून येतो. ते म्हणतात, स्क्रिप्ट आखूड करणं ही निव्वळ सजावट आहे. ओळी कमी झाल्या म्हणून काम बदलत नाही. हे खरं मानायचं तर आखूड कशी होते ते पाहायला हवं.

विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रामांत प्रत्येक मेनूला, बटणाला आणि रकान्याला एक नाव असतं आणि ते नाव दुसऱ्या प्रोग्रामला विचारता येतं. ही सोय अंध वापरकर्त्यांसाठी झाली. मायक्रोसॉफ्टने तिची पहिली पायरी 1997 मध्ये आणली, पुढे यूआय ऑटोमेशन आलं. 2006 पासून तयार होत गेलेलं एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर याच आधारावर स्क्रीन वाचून दाखवतं. अंध माणसाला ज्या नावाने मेनू ऐकू येतो त्याच नावाने स्क्रिप्टला तो सापडतो. ऑटोइट, ऑटोहॉटकी, पायथनमधलं पायविनऑटो, ही सगळी साधनं तो वापरू देतात. जुन्या धर्तीचा मेनू असला तर ऑटोइटला खिडकीचं नाव आणि मेनूची वाट सांगितली की पुरे: फाइल, मग एक्स्पोर्ट, मग एक्सेल. कोणत्या बिंदूवर, हे सांगावंच लागत नाही. मॉनिटर बदलला, खिडकी डावीकडे सरकली, फरक पडत नाही. मॅकवर ॲपलस्क्रिप्ट वापरणाऱ्यांना वेगळा त्रास होतो. तिथे नावं मिळतात, पण एका मेनूतल्या एका ओळीपर्यंत जायला मेनूपट्टीतला मेनू, त्यातली ओळ, तिच्या आतला मेनू, त्यातली ओळ अशी उलटीसुलटी उतरंड प्रत्येक वेळी लिहावी लागते, आणि तीच उतरंड दहा ठिकाणी चिकटवलेली सापडते.

उपाय दोन्हीकडे सारखाच आहे. ‘ही वाट दिली की तिथपर्यंत जा’ एवढं काम करणारा एकच तुकडा एकदा लिहायचा. त्या तुकड्यात चार गोष्टी असतात: हवी ती खिडकी समोर येईपर्यंत थांब, मेनू नावाने शोध, निवड, आणि जे उघडायला हवं होतं तेच उघडलं का ते बघ, नसेल तर थांब आणि काय सापडलं नाही ते लिहून ठेव. यानंतर उरलेली स्क्रिप्ट म्हणजे नुसत्या वाटांची यादी. विक्री रजिस्टर उघड, एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत, एक्सेलमध्ये काढ, या नावाने ठेव. चारशे ओळींच्या वीस होतात, ही त्यातली गौण गोष्ट आहे. मोठी गोष्ट ही की तपासणी एकाच जागी लिहिली गेली आणि प्रत्येक क्लिकला आपसूक लागू झाली. ‘पाच सेकंद थांब’ हे सगळीकडून गेलं; सर्व्हर जलद असला तर स्क्रिप्ट जलद, मंद असला तर ती वाट पाहते. ह्याला सजावट म्हणणाऱ्याने स्वतःची स्क्रिप्ट नवा मॉनिटर लावून चालवून बघावी.

सगळ्या प्रोग्रामांना नावं नसतात, हे मान्य. टॅलीच घ्या, जी इथल्या जवळपास प्रत्येक पेढीत आहे. ती आपली स्क्रीन स्वतःच रंगवते, तिथे नावाने शोधणाऱ्या साधनांच्या हाती फारसं लागत नाही. पण टॅली मुळातच कीबोर्डवर चालण्यासाठी बनलेली आहे, आणि माहिती आत-बाहेर नेण्यासाठी तिला एक्सएमएलचा सरळ दरवाजा आहे. जिथे असा दरवाजा आहे तिथे क्लिकच्या भानगडीत पडूच नये, हे मी कुणाच्याही आधी सांगेन. तरीही असंख्य ऑफिसांत टॅलीला कीबोर्डच्या शॉर्टकटांनी हाकणाऱ्या स्क्रिप्ट आहेत, आणि त्यांचं काय होतं याचं लख्ख उदाहरण आपल्यासमोर घडून गेलं आहे.

नोव्हेंबर 2020 मध्ये टॅली.ईआरपी 9 ची जागा टॅलीप्राइमने घेतली. नव्या आवृत्तीत काही शॉर्टकट बदलले. जुन्या टॅलीत कंट्रोल आणि एफ8 दाबलं की क्रेडिट नोट उघडायची. टॅलीप्राइममध्ये क्रेडिट नोट ऑल्ट आणि एफ6 वर गेली, आणि कंट्रोल-एफ8 वर आली सेल्स ऑर्डर. ज्याने ऑर्डरची सोय चालू ठेवली आहे त्याच्याकडे जुनी स्क्रिप्ट काय करेल? माल परत आला म्हणून क्रेडिट नोट घालायला ती जाईल आणि त्याच पार्टीच्या नावाने विक्रीची ऑर्डर उघडून त्यात आकडे भरू लागेल. पार्टीचं नाव बरोबर, मालाचं नाव बरोबर, रक्कम बरोबर, व्यवहार उलटा. तो शॉर्टकट स्क्रिप्टमध्ये चाळीस ठिकाणी विखुरलेला असेल तर चाळीस जागा शोधा. एक सुटली की सुटली. तो ‘क्रेडिट नोट उघड’ या नावाच्या एकाच तुकड्यात असेल आणि तो तुकडा वरचं शीर्षक वाचूनच पुढे जात असेल, तर बदल एका ओळीचा. जुन्या टॅलीवर दोन्ही स्क्रिप्ट ‘चालत’ होत्या. त्यांतला फरक नवी आवृत्ती येईपर्यंत कुणाला दिसला नाही, आणि ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना तो तेव्हाही ऐकून घ्यायचा नव्हता.

‘पण माणूस समोर बसलेला असतो, तो बघतो की,’ हा पुढचा बचाव. माणसाच्या नजरेवर माझा विश्वास आहे, पण तिच्यावर किती ओझं टाकायचं याला मर्यादा आहे. 11 ऑगस्ट 2020 रोजी न्यूयॉर्कच्या सिटीबँकेला रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या कर्जदात्यांना सुमारे 78 लाख डॉलर व्याज पाठवायचं होतं. गेले जवळजवळ 90 कोटी डॉलर. काम फ्लेक्सक्यूब या प्रणालीवर झालं होतं; ती मुंबईत मुख्यालय असलेल्या आय-फ्लेक्स कंपनीची, जी पुढे ओरॅकलने घेतली. मुद्दल बाहेर न जाता बँकेच्याच अंतर्गत खात्यात वळवायची तर तीन रकान्यांत खूण करायची होती. एकाच रकान्यात केली गेली. एकाने भरलं, दुसऱ्याने तपासलं, तिसऱ्याने मंजूर केलं. पहिले दोघं भारतात बसून काम करत होते. तिघांनीही तीच स्क्रीन पाहिली आणि तिघांनाही ती बरोबर वाटली. तीन रकान्यांची गोष्ट माहितीपुस्तिकेत लिहिलेली होती. फेब्रुवारी 2021 मध्ये न्यायालयाने सुमारे 50 कोटी डॉलर परत मिळणार नाहीत असा निकाल दिला. सप्टेंबर 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला, म्हणून बँक वाचली.

स्क्रिप्ट असती तर हे टळलंच असतं, असा दावा मी करत नाही. आंधळ्या स्क्रिप्टने त्याच एका रकान्यात दर महिन्याला इमानाने खूण केली असती. मी सांगतोय ते असं: मेनूतल्या कुठल्या खुणा मिळून एक काम पूर्ण होतं, हे ज्ञान जर एखाद्याच्या बोटांच्या सवयीत किंवा दूर ठेवलेल्या पुस्तिकेत असेल, तर तीन जोड्या डोळेही पुरत नाहीत. ‘मुद्दल आत ठेव’ या नावाखाली तीन खुणा एकत्र लिहिलेल्या असल्या, तर त्या वाचता येतात, त्यांवर वाद घालता येतो, एक कमी आहे हे दुसऱ्याला दाखवता येतं. तपासणारा माणूस हवाच. त्याला तपासता येईल असं काहीतरी त्याच्या हातात द्या.

आता भिवंडीच्या खास कामाकडे येतो, कारण ‘चालतंय’वाल्यांचा मुद्दा सर्वांत दुबळा इथेच पडतो. इथलं सूत एका हाताचं नसतं. व्यापारी सूत घेतो, ते सायझिंगला जातं, बीम मागावर येतं, माग मालक पिकच्या भावाने मजुरीवर विणून देतो, ग्रे कापड पुढे प्रोसेसला जातं. प्रत्येक टप्प्यावर चलान, आणि कुठे ई-वे बिल लागतं, कुठे नाही. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला 1 लाख रुपयांपर्यंत ई-वे बिल नको. मजुरीच्या कामासाठी सूत, लडी, कापड किंवा कपडे 50 किलोमीटरच्या आत राज्यातच जात असतील तर किंमत कितीही असो, ई-वे बिल नको. पण हाच माल मजुरीसाठी सुरतेला पाठवला, म्हणजे राज्याची हद्द ओलांडली, की किंमत 5 हजार असली तरी ई-वे बिल हवंच. भिवंडीहून डोंबिवलीला जाणारं कापड आणि भिवंडीहून सुरतेला जाणारं कापड, गोडाऊनच्या जुन्या पॅकेजात दोन्हींची नोंद एकाच मेनूतून होते.

ते जुनं पॅकेज एक्सएमएल देत नाही. ते करून देणारा माणूस फोन उचलत नाही. म्हणून ऑफिसात क्लिक करणारी स्क्रिप्ट बनते: पॅकेजातून यादी काढायची, सरकारी एक्सेल नमुन्यात भरायची, त्यातून जेसन फाइल बनवून पोर्टलवर चढवायची. हे सगळं ठीक. पण वर सांगितलेली अट त्या स्क्रिप्टमध्ये कुठे लिहिली आहे? मी पाहिलेल्या अशा स्क्रिप्टमध्ये ती एकतर नसते, किंवा क्लिकच्या रांगेत मधेच अशी गाडलेली असते की लिहिणाऱ्यालाही शोधावी लागते. अट ठाऊक असते ती चलान बनवणाऱ्या कारकुनाला, आणि स्क्रिप्ट वाचता येत नाही तीही त्यालाच.

नियम तर थांबत नाहीत. ई-वे बिलाची मुदत आधी दर 100 किलोमीटरला एक दिवस होती, 1 जानेवारी 2021 पासून 200 किलोमीटरला एक दिवस झाली. ई-इन्व्हॉइस ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं, आणि उतरत उतरत ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आलं. म्हणजे ‘हे मोठ्यांचं काम’ म्हणणारे भिवंडीतले कितीतरी मध्यम व्यापारी तीन वर्षांत त्याच्या कक्षेत आले. इतक्या वेगाने नियम बदलणाऱ्या धंद्यात ‘हात लावू नका’ हे धोरण असूच शकत नाही. हात लावावाच लागतो. तो सावकाश, डोळे उघडे ठेवून लावायचा की 10 तारखेच्या रात्री घाबरून लावायचा, एवढाच निर्णय आपल्या हातात असतो. रात्री घाबरून लावलेल्या हाताने जुन्या स्क्रिप्टमध्ये आणखी पन्नास ओळी वाढतात आणि ती पुढच्या वेळी आणखी न वाचण्याजोगी होते.

‘रेकॉर्डर आहे, पुन्हा रेकॉर्ड करू,’ असं काही जण म्हणतात. क्लिक टिपून ठेवणारा रेकॉर्डर विंडोज 3.0 मध्ये, म्हणजे 1990 मध्येही होता. मार्च 2021 पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वाल्यांना पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप जादा पैसे न घेता दिलं. ते कितीतरी हुशार आहे, नावंही टिपतं. ते जरूर वापरा. पण रेकॉर्डर काय टिपतो? आपण काय केलं ते. का केलं आणि कधी करायचं नाही, हे त्याला टिपता येत नाही. चुकून उघडलेला आणि बंद केलेला मेनूही त्याच्या यादीत बसतो. रेकॉर्डिंग हा कच्चा माल आहे. त्यातून नको ते काढून, पुन्हा पुन्हा येणारं एकत्र करून, नावं देऊन मगच ते ऑफिसच्या कामाला लावावं.

आता नोकरीचा मुद्दा. हा मला सर्वांत जिव्हाळ्याचा. शेठच्या टेबलासमोर उभं राहून पोरं दबक्या आवाजात विचारतात, ‘शेठ, हे सगळं सोपं झालं तर माझं काय काम राहणार?’ ही भीती खोटी नाही, आणि तिला हसणाऱ्याला मी चांगला माणूस म्हणणार नाही. पण आजच्या व्यवस्थेत त्या पोराचं नेमकं काय चाललं आहे ते पाहा. स्क्रिप्ट दुसऱ्याने लिहिली, तो ऐरोलीला किंवा पुण्याला नोकरीला गेला. पोराला फक्त चिन्हावर दोनदा क्लिक करायचं ठाऊक. बरोबर निघालं तर स्क्रिप्टचं कौतुक, चुकलं तर बोलणी त्याला. एका ऑफिसात वीज गेल्यावर अर्धवट राहिलेली स्क्रिप्ट पुन्हा पहिल्यापासून चालली, पहिली कितीतरी बिलं दोनदा नोंदवली गेली आणि भरपाई त्या ऑपरेटरच्या पगारातून कापली गेली, हे मी जवळून पाहिलं आहे. स्क्रिप्टमध्ये ‘हे बिल आधी नोंदलं आहे का’ असं विचारणारी ओळ नव्हती. ती ओळ तिथे नाही हे त्याला दिसायला कुठलाच मार्ग नव्हता.

वाचता येणारी स्क्रिप्ट या पोराच्या बाजूने असते. ज्याला ती वाचता येते तो म्हणू शकतो, ‘इथे सुरतेचा माल वेगळा धरलेला नाही.’ पुढे तो स्वतःच ती ओळ घालतो. त्याला नुसतं चिन्ह दाबणारा म्हणून कुणी हाकलू शकत नाही, कारण धंद्याचे नियम आणि स्क्रिप्ट दोन्ही त्याला कळतात. ज्यांना न वाचता येणारी स्क्रिप्ट टिकवायची असते त्यांचा हिशेब मला उघड दिसतो: दर दुरुस्तीला आपल्यालाच बोलवावं लागावं. हा धंदा करणारे थोडे असतील, पण ‘हात लावू नका’ हे वाक्य त्यांच्या खिशाला सर्वांत जास्त उपयोगी पडतं. अशाच स्क्रिप्टच्या पोटात बँकेचे आणि पोर्टलचे पासवर्ड उघडे लिहिलेले सापडतात. आखूड स्क्रिप्टमध्ये ते पहिल्या नजरेला दिसतात आणि तिथून हलवले जातात.

आणि वाचता येण्यासाठी इंग्रजीची अडचण आता राहिलेली नाही. 2008 मध्ये आलेल्या पायथन 3 पासून तुकड्यांची नावं देवनागरीत देता येतात. ‘मेनू_निवडा’, ‘तारीख_भरा’, ‘सुरतेचा_माल_वेगळा_काढा’ अशी नावं लिहून स्क्रिप्ट बिनतक्रार चालते. भिवंडीतल्या ऑफिसांत मराठीबरोबर हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारी मुलं आहेत. मराठी आणि हिंदीवाल्यांना देवनागरी एकच, आणि शेजारी बसलेल्यांना ती वाचून दाखवता येते. तुकड्यावर एक ओळ लिहायची: हे कशासाठी, कुठल्या नियमामुळे, कधीपासून. इतकं केलं तरी उद्या येणाऱ्या नव्या माणसाचे कितीतरी दिवस वाचतात.

राहता राहिले शुद्धतावादी, जे म्हणतात की क्लिक करणारी स्क्रिप्ट हा मुळातच जुगाड आहे. पॅकेज बदला, एपीआय घ्या, नाहीतर हाताने करा. मोठ्या लॉजिस्टिक कंपन्यांनी माणकोलीच्या पट्ट्यात उभारलेल्या गोडाऊनांत ते शक्य आहे, त्यांनी केलंही आहे. पण दोन खोल्यांत बसून वीस पार्ट्यांचा माल सांभाळणाऱ्याला नवं पॅकेज म्हणजे कित्येक वर्षांच्या नोंदी नव्याने चढवणं. त्याला ‘सगळं बदला नाहीतर काहीच करू नका’ असं सांगणं म्हणजे त्याला त्या चारशे ओळींच्याच स्वाधीन करणं. क्लिक करणारी स्क्रिप्ट तात्पुरती असते हे खरं. तात्पुरत्या गोष्टी भिवंडीत दहा-दहा वर्षं टिकतात, म्हणून तर त्या नीट लिहिलेल्या हव्यात. शिवाय पुढे पॅकेज बदलायचं ठरलंच, तर कुठल्या कामाला कुठल्या पायऱ्या लागतात याची एकमेव लेखी यादी म्हणून हीच आखूड स्क्रिप्ट नव्या माणसाच्या हातात देता येते.

भिवंडीतल्या शेठांना, अकाउंटंटांना आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे. 20 तारखेला 3बी भरून झालं की काही दिवस कामाचा जोर ओसरतो. त्या दिवसांत जुन्या स्क्रिप्टची एक प्रत बाजूला काढा, जुनी तशीच चालू ठेवा. ती रोज चालवणाऱ्या ऑपरेटरला शेजारी बसवा आणि ओळीमागून ओळ त्याला विचारा की हे कशासाठी आहे. जे त्याला सांगता येणार नाही ते आधी बदला. एक महिना दोन्ही स्क्रिप्ट चालवून फाइली पडताळा. आकडे जुळले की जुनी काढून टाका, आणि नव्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत त्या ऑपरेटरचं नाव लिहा.